दफ्तर, दफ्तरदार आणि आज्ञावली

मराठ्यांच्या इतिहासाचे आधुनिक लेखन बखरींवरून नव्हे, तर पत्रांवरून उभे राहिले, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला; पुढे खंडांची संख्या २२ पर्यंत गेली. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० नंतरच्या काही वर्षांतच बाहेर पडले. हे कागद टिकले त्यामागे फार कोणाची दूरदृष्टी होती असे म्हणता येत नाही. ते रुमालांत बांधून ठेवले होते, वाड्यांच्या माळ्यांवर पडले होते, आणि पुढच्या पिढ्यांना मोडी वाचता येईना तेव्हा त्यांना हात लावण्याचे कारणच उरले नाही. काही वाळवीने खाल्ले, काही बंबात गेले, काही वाण्याच्या पुड्यांना लागले. तरीही पुष्कळ उरले. कागदाच्या बाबतीत दुर्लक्ष हा संरक्षणाचाच एक प्रकार होता.

ई-पत्राच्या बाबतीत नेमके उलट घडते. तेथे दुर्लक्ष झाले की पत्र नाहीसे होते, आणि तेही वाळवीच्या गतीने नव्हे, ठरलेल्या दिवशी. भारतीय भाषांमधील लेखक, संपादक, अनुवादक आणि प्राध्यापक यांचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा बहुतेक पत्रव्यवहार कोणत्या तरी संस्थेच्या किंवा कंपनीच्या मेल-सर्व्हरवर आहे अथवा होता. त्या सर्व्हरचा व्यवस्थापक हा या पत्रव्यवहाराचा खरा दफ्तरदार होय; पण साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची ओळख करून घेतलेली नाही, आणि आपल्याजवळ दफ्तर आहे हे त्यालाही कोणी सांगितलेले नाही. ही परस्पर-अनभिज्ञता फार महाग पडत आहे.

या दफ्तरदाराचे काम चालते कसे, हे थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. हजारो पत्रपेट्या हाताने सांभाळणे शक्य नसते. नवीन आलेल्याची पेटी उघडणे, बदली झालेल्याची हलविणे, निवृत्त झालेल्याची बंद करणे ही कामे तो छोट्या आज्ञावली लिहून करतो. इंग्रजीत अशा आज्ञावलीला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात, आणि तोच शब्द लिपीलाही आहे. हा योगायोग पुढे उपयोगी पडेल. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या सर्व्हरला २००७ च्या आवृत्तीपासून पॉवरशेल ही आज्ञाभाषा जोडली गेली, आणि तेव्हापासून कार्यालयीन टपालाचा मोठा भाग या भाषेत हाकला जातो. तिची रचना भाषाभ्यासकाला कुतूहलाची वाटावी अशी आहे. प्रत्येक आज्ञा म्हणजे एक क्रियापद, एक संयोगचिन्ह आणि एक नाम: ‘गेट-मेलबॉक्स’, ‘सेट-मेलबॉक्स’, ‘रिमूव्ह-मेलबॉक्स’. कोणती क्रियापदे वापरावयाची यांची मान्य यादी आहे, आणि तिच्याबाहेरचे क्रियापद वापरले तर यंत्र ताकीद देते. सारी भाषा आज्ञार्थात चालते. मात्र बऱ्याचशा आज्ञांच्या शेवटी ‘व्हॉटइफ’ हे पद जोडले की यंत्र कृती न करता, केली असती तर काय झाले असते एवढेच सांगते. म्हणजे आज्ञार्थाचा संकेतार्थ होतो.

अशा दोन आज्ञांमधील अर्थभेद येथे मुद्दाम पाहिला पाहिजे. ‘रिमूव्ह-मेलबॉक्स’ म्हटले की पेटीबरोबर त्या व्यक्तीचे संस्थेतील खातेही जाते. ‘डिसेबल-मेलबॉक्स’ म्हटले की खाते राहते, पेटी तेवढी सुटी होते. दुसरे क्रियापद कानाला सौम्य लागते. ‘तूर्त बंद’ असा त्याचा भास होतो. परंतु संस्थेच्या स्वतःच्या एक्स्चेंज सर्व्हरवर दोहोंचा पत्रांवरील परिणाम एकच आहे. वेगळी तजवीज केलेली नसेल तर सुटी झालेली पेटी ३० दिवस राहते आणि मग पुसली जाते. निवृत्त अध्यापकांची यादी एका फाइलीत, ती यादी ओळीओळीने वाचणारी एक आज्ञा, तिच्यापुढे ‘डिसेबल’ची आज्ञा, एवढे लिहिले की चाळीस वर्षांच्या अध्यापनकाळातील निम्मा पत्रव्यवहार महिनाभरात संपतो. लिहिणाऱ्याच्या मनात दुष्ट हेतू नसतो. त्याला जागा मोकळी करावयाची असते.

जागेची ही निकडही अलीकडे वाढली आहे. शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण फुकट देणाऱ्या गूगलने २०२१ साली धोरण बदलले. २०२२ पासून प्रत्येक संस्थेला मिळून १०० टेराबाइट ही मूळ मर्यादा आली. शंभर टेराबाइट हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात चित्रफितींनी तो सहज भरतो. मग प्रथम कोणाच्या पेट्या रिकाम्या करावयाच्या? जे तक्रार करावयास येणार नाहीत त्यांच्या. त्यांत निवृत्त आले, आणि दिवंगतही आले. खासगी खात्यांचीही कथा वेगळी नाही. दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती पुसून टाकता येतील, असे गूगलने जाहीर केले आणि डिसेंबर २०२३ पासून ते धोरण अमलात आणले. ज्या लेखकाच्या वारसांना परवलीचा शब्द ठाऊक नाही, त्याच्या पत्रव्यवहाराचे आयुष्य त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षे एवढेच धरावे लागते. मोडी न येणाऱ्या वारसाच्या घरात रुमाल शंभर वर्षे टिकत होता.

याउलट पत्रे राखण्याची सोयही त्याच सर्व्हरवर आहे. एक्स्चेंजमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून ‘लिटिगेशन होल्ड’ नावाची कळ आहे. ती एका ओळीत दाबता येते, आणि मग पेटीच्या मालकाने पुसलेले पत्रही आत शाबूत राहते. तिच्या नावाकडे पाहावे. पत्रे जपावयाची ती खटल्याच्या भीतीने! कंपन्यांच्या जगात पत्राचे मूल्य पुरावा म्हणून आहे, आणि पुरावा नको असेल तेव्हा ते नष्ट करण्यातही मूल्य आहे. त्यामुळे राखण्याची आणि पुसण्याची दोन्ही साधने वकिलाच्या सोयीने घडली. पत्र हे लेखनही असते, ही कल्पना या यंत्रणेत कोठेच शिरलेली नाही. ती तेथे आपोआप शिरेल अशी अपेक्षा करणेही व्यर्थ आहे.

आता लिपीच्या बाजूने पाहू. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-टपालाच्या वहनाचे जे नियम लिहिले, त्यांत अक्षर म्हणजे सात बिटांचे अमेरिकी अक्षर, असे गृहीत होते. आठवा बिट शून्य असावयाचा. देवनागरीलाच काय, फ्रेंचच्या स्वरचिन्हांनाही त्यात जागा नव्हती. १९९२ साली नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ ही व्यवस्था आणली. तिने मार्ग बदलला नाही, मार्गावरून जाताना घालावयाचा वेष ठरवून दिला. कोणत्याही लिपीतील मजकूर मान्य अशा थोड्या रोमन अक्षरांत गुंडाळावा, पोहोचल्यावर सोडवावा. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बांधून ठेवले आणि राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तो प्रसंग येथे आठवल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की महानुभावांचा हेतू झाकण्याचा होता, माइमचा हेतू पोहोचविण्याचा आहे. आणि उलगड्याची किल्ली पत्राच्या माथ्यावरच लिहिलेली असते.

या वेषाचा हिशेब मनोरंजक आहे. युनिकोडच्या प्रचलित युटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘बेस-६४’ या पद्धतीत तीन बाइटांची चार रोमन अक्षरे होतात. म्हणजे देवनागरीच्या एका चिन्हाला चार रोमन अक्षरे, अगदी नेमकी, खाली काही न उरता. विषयाच्या ओळीत गुंडाळलेल्या एका तुकड्याची लांबी ७५ अक्षरांहून अधिक असू नये असा नियम आहे. त्यातील बारा अक्षरे वेष्टनाला जातात, उरलेल्या जागेत देवनागरीची १५ चिन्हे मावतात. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे: ‘श्री’ या एका अक्षरात श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशी चार चिन्हे आहेत. मराठी पत्राचा विषय म्हणून प्रवासात पंधरा-पंधरा चिन्हांच्या तुकड्यांत मोडतो, आणि तो तुकडा कधी जोडाक्षराच्या मधोमधही पडतो. पोहोचल्यावर सारे पुन्हा जुळते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु व्यवस्थापकाची आज्ञावली वाटेत विषयाची ओळ कच्च्या रूपातच तपासत असेल, तर तिला मराठी शब्द दिसत नाही, रोमन अक्षरांचा गुंता दिसतो.

हे सारे युनिकोड आल्यानंतरचे. त्यापूर्वीचा काळ अधिक दुःखद आहे. १९९१ चे इस्की हे भारतीय मानक अस्तित्वात असूनही मराठीत टंकन झाले ते मुख्यतः फाँटांच्या संकेतांत. श्रीलिपी, शिवाजी, योगेश, उत्तरेत कृतिदेव ही त्यांतली काही नावे. या फाँटांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या आणि युरोपीय चिन्हांच्या जागी बसविलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसला तरी यंत्राच्या लेखी ते कुठले तरी लॅटिन अक्षरच असे. अशा फाँटांत लिहिलेले मराठी पत्र सर्व्हरवरून गेले तेव्हा त्याच्या माथ्यावर ‘पश्चिम युरोपीय मजकूर’ अशी नोंद झाली. विंडोज २००० मध्ये मराठीला प्रथम जागा मिळाली, तरी फाँटांची सवय पुढे कित्येक वर्षे सुटली नाही. या पत्रांपैकी जी आज कोठे शिल्लक असतील ती लॅटिन अक्षरांची रांगोळी म्हणून शिल्लक आहेत. ज्या फाँटात ती लिहिली त्याचे नाव ठाऊक असेल तर उलगडा होतो; नसेल तर सकळ लिपीपेक्षा अवघड. आणि जी पत्रे आठवा बिट कापणाऱ्या जुन्या सर्व्हरांतून गेली, त्यांचा उलगडा किल्ली सापडूनही होणार नाही, कारण दोन वेगळी चिन्हे तेथे एकच होऊन गेली.

पत्रांच्या मायन्याचेही असेच. मराठी दफ्तरात पत्राला मायना असे, शेवटी मोर्तब असे, आणि पत्र पोहोचल्याची तारीख पैवस्ती म्हणून टिपली जाई. संपादकांनी या नोंदींना मजकुराइतकेच महत्त्व दिले, कारण कालनिर्णय त्यांवर अवलंबून होता. ई-पत्राला हे सर्व आहे. वाटेतील प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर आपली पैवस्ती लिहितो; नवी ओळ नेहमी वर येते, म्हणून मार्ग खालून वर वाचावा लागतो. पाठविणाऱ्या संस्थेची ‘डीकिम’ नावाची सांकेतिक स्वाक्षरी ही त्याची मोर्तब आहे. मजकुरातला एक शब्द बदलला तरी ती जुळेनाशी होते. ज्या संस्था जुनी पत्रे ‘जपण्यासाठी’ छापून किंवा पीडीएफ करून ठेवतात, त्या मायना, पैवस्ती आणि मोर्तब तिन्ही फेकून देतात. पुढील काळातील संपादकाच्या हाती मग केवळ नक्कल राहील, आणि नक्कल कोणी केली हेही ठाऊक नसेल. कार्यालयीन सर्व्हरची आणखी एक खोड येथे सांगावयास हवी. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी गोपनीयतेचा एक इंग्रजी परिच्छेद चिकटविणारा नियम व्यवस्थापक लिहून ठेवतो. मराठीत लिहिलेल्या चार ओळींच्या खाली इंग्रजीच्या दहा ओळी येतात; पुढे हीच पत्रे भाषाभ्यासाची सामग्री म्हणून कोणी मोजू लागला, तर मराठी माणसाच्या पत्रात इंग्रजीचे प्रमाण फार मोठे, असा निष्कर्ष तो काढील!

सर्वांत गंभीर मुद्दा भाषेच्या संशयाचा आहे. नको असलेल्या टपालाची गाळणी करणाऱ्या स्पॅमअसॅसिन या मुक्त आज्ञावलीत कोणत्या भाषांतील पत्रे येऊ द्यावयाची हे ठरविण्याची सोय आहे. ज्ञात भाषांच्या यादीत मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत आणि तमिळ यांचीही लघुनामे आहेत. व्यवस्थापकाने ‘फक्त इंग्रजी’ असे लिहिले की इतर भाषेतील पत्राचे संशयगुण वाढतात. मायक्रोसॉफ्टच्या मेघसेवेतही अमुक भाषेतील पत्र स्पॅम मानावे अशी कळ आहे. या सोयी ज्या देशांत घडल्या तेथे त्यांना कारण होते. ज्या कार्यालयात कोणालाच रशियन येत नाही, तेथे रशियन पत्र बहुधा नकोच असते. पण एकभाषिक कार्यालय हे गृहीत धरून केलेली मांडणी बहुभाषिक देशात आणली की तिचा अर्थ पालटतो. भारतातील एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापकाने परदेशातील मुख्य कार्यालयाची मांडणी जशीच्या तशी उचलली, तर नाशिकच्या पुरवठादाराचे मराठी पत्र संशयितांच्या रांगेत जाऊ शकते, आणि त्या पुरवठादाराला एवढेच कळते की इंग्रजीत लिहिले की उत्तर येते. कोणी बंदी घातली नाही, कोणी आदेश काढला नाही. एका ओळीत भाषा व्यवहारातून बाहेर गेली. भाषिक धोरणाचे अभ्यासक आजवर अधिसूचना वाचत आले. त्यांनी मांडणीच्या या फाइलीही वाचावयास हव्यात.

पत्त्याच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. २०१२ च्या नियमांनी संपूर्ण पत्ता देवनागरीत लिहिण्यास मुभा दिली; ‘.भारत’ हे क्षेत्रनाम २०१४ साली देवनागरीत सुरू झाले आणि मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी अशा अनेक भाषांना ते समाईक आहे. परंतु वाटेतील एका सर्व्हरने जरी या नियमांना होकार दिला नाही, तरी पत्र परत येते. हा होकार देणे हे व्यवस्थापकाचेच काम, आणि न दिल्याबद्दल त्याला जाब विचारणारे कोणी नाही. त्यातही मराठीचे एक खास दुखणे होते. क्षेत्रनामांच्या जुन्या, २००३ च्या नियमांत शून्य-रुंदीचा जोडक हे अदृश्य चिन्ह गाळले जाई. मराठीतला अर्धा रकार काही कळफलकांवर या चिन्हाच्या आधारेच उमटतो. ते गळले की त्याचा रफार होतो: दऱ्यांचा दर्या होतो, आणि ‘आचाऱ्यास’ म्हणावयाचे ते ‘आचार्यास’ जाऊन पोहोचते. २०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर या चिन्हाला जागा दिली. व्याकरणाच्या वर्गात दाखवावयाचे उदाहरण टपालाच्या नियमांत दुरुस्त व्हावे, हा प्रकार भाषाशास्त्रज्ञांच्या नजरेतून निसटला आहे.

शोधाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. मोठ्या संस्थेत चौकशी उभी राहिली की व्यवस्थापक साऱ्या पेट्यांतून शब्द शोधतो. मायक्रोसॉफ्टच्या शोधभाषेत शब्दाच्या शेवटी तारा काढून पुढील काहीही चालेल असे सांगता येते; आरंभी तारा चालत नाही. इंग्रजीला एवढे पुष्कळसे पुरते. मराठीत सामान्यरूप आडवे येते. ‘विहीर’ शोधणाऱ्याला ‘विहिरीतून’ सापडत नाही, कारण बदल शब्दाच्या शेवटी नव्हे, पोटात झालेला असतो. ‘गरीब’ लिहून तारा काढला तरी ‘गरिबांना’ हाती लागत नाही. त्यात अर्ध्या रकाराचा ‘ऱ’ काही पत्रांत एका चिन्हाने, काहींत ‘र’ आणि खालचा बिंदू अशा दोन चिन्हांनी लिहिलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण दोन्ही रूपे आधी एकसारखी करून न घेणाऱ्या आज्ञावलीला निराळे. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीबद्दल तर बोलावयासच नको. म्हणजे मराठी पत्रव्यवहार जिवंत असूनही शोधात मृत ठरतो. अशा शोधावरून ‘या विषयावर पत्रव्यवहार आढळला नाही’ असे उत्तर माहिती मागणाऱ्या नागरिकाला दिले गेले, तर ते खोटे असूनही प्रामाणिक असेल. सामान्यरूपांचे नियम मराठीच्या व्याकरणकारांनी दीडशे वर्षे लिहिले आहेत. ते शोधाच्या आज्ञावलीत उतरविणे हे मराठी विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला जमणारे काम आहे, आणि संशोधनाचा विषय म्हणून ते अनेक नोंदविल्या जाणाऱ्या विषयांहून अधिक उपयुक्त ठरेल.

अन्यत्र काय झाले, हे पाहिले की आपल्याकडील उणीव ठळक होते. ब्रिटिश लायब्ररीने २०११ साली कवयित्री वेंडी कोप यांचा संग्रह विकत घेतला, त्यात सुमारे ४०,००० ई-पत्रे होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१५ साली ई-पत्रांच्या संग्रहांसाठी ‘ईपॅड’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. कवी रॉबर्ट क्रीली यांची पत्रे हाताळण्यात तिचा उपयोग झाला. आणि कंपनीच्या सर्व्हरवरून सर्वांत मोठी भाषिक सामग्री निघाली ती एन्रॉनची. दाभोळच्या प्रकल्पामुळे महाराष्ट्राला नको तितकी परिचित झालेली ही कंपनी २००१ च्या अखेरीस बुडाली. अमेरिकेच्या ऊर्जा-नियामक आयोगाने २००३ साली तिच्या सुमारे दीडशे कर्मचाऱ्यांची लाखो पत्रे खुली केली. इंग्रजी ई-पत्राच्या भाषेवरील किती तरी संशोधन या एका ढिगावर उभे आहे. भारतीय भाषांकडे तुलनेला ठेवता येईल असे खुले काही नाही.

एन्रॉनचे उदाहरण अनुकरणीय मात्र नाही. त्या पत्रांच्या लेखकांना कोणी विचारले नव्हते. त्यांत व्यवहाराबरोबर घरगुती दुःखेही उघडी पडली. पत्रपेट्या जपाव्यात असे म्हणताच भारतात प्रथम हाच आक्षेप निघेल, आणि तो योग्य आहे. पण पेटी जपणे आणि पेटी उघडणे या दोन क्रिया आहेत. मालकाच्या लेखी संमतीने, ठरावीक वर्षे मोहोरबंद ठेवून, नंतर अभ्यासकाला खुली करणे ही अभिलेखागारांची जुनी पद्धत आहे. ई-पत्रांना ती लागू होऊ नये असे कारण नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संशोधन आणि अभिलेखन यांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. उलट, काहीच न ठरविता तीस दिवसांनी पुसून टाकण्याला खासगीपणाचा आदर म्हणणे हा शब्दच्छल आहे. तेथे मालकालाही कोणी विचारलेले नसते.

सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत तर प्रश्न संमतीपुरता उरत नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही अभिलेखांत धरली आहे, आणि विहित रीतीखेरीज अभिलेख नष्ट करण्यास मनाई केली आहे. केंद्राच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठातील विभागप्रमुखाचा अभ्यासक्रमाविषयीचा पत्रव्यवहार, अनुवाद-प्रकल्पाच्या संपादकाने निरनिराळ्या भाषांतील अनुवादकांशी केलेला पत्रव्यवहार हा अभिलेख नव्हे, असे म्हणणाऱ्याने तसे सिद्ध करावे. कन्नड कादंबरीतल्या एका शब्दावर मराठी अनुवादकाने मूळ लेखकाला विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे, ही तौलनिक साहित्याची पहिल्या प्रतीची साधने होत. पूर्वी ती पोस्टकार्डांवर असत आणि कोणाच्या तरी ट्रंकेत सापडत.

विद्यापीठांनी करावयाचे काम फार खर्चाचे नाही. निवृत्तीच्या कागदांत पत्रपेटीविषयी एक संमतिपत्र घालावे. ज्यांनी होकार दिला त्यांची पेटी ‘डिसेबल’ करण्यापूर्वी ती राखून ठेवण्याची एक ओळ आज्ञावलीत यावी. पेटी छापील नकलेच्या नव्हे, तर मूळ ई-पत्रांच्या रूपात, मायना आणि पैवस्तीसह ग्रंथालयाच्या स्वाधीन व्हावी. हे सांगण्यासाठी भाषाविभागातील कोणी तरी व्यवस्थापकाच्या खोलीपर्यंत चालत गेले पाहिजे, आणि त्याच्या भाषेतील चार क्रियापदे शिकून गेले पाहिजे. २००० च्या आसपासच्या पेट्या हाती आल्या तर त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट मागून घ्यावी: त्या अध्यापकाच्या जुन्या संगणकावरील फाँटांची फाइल. संगणक भंगारात गेला असेल तर विभागाच्या टंकलेखकाला विचारावे. कोणता फाँट वापरात होता हे त्याला अजून आठवत असते, आणि तोही लवकरच निवृत्त होणार असतो.